आधी खाली आणायला शिकवा

पहिले दोन तास मला मोटरसायकलचं पुढचं चाक उचलूच दिलं नाही. वापरात नसलेली एक धावपट्टी, माझ्यासारखे आणखी पाच जण, आणि शिकवणारा माणूस आमच्याकडून एकच गोष्ट करून घेत होता. गाडी पहिल्या गिअरमध्ये हळू चालवायची, उजवं पाऊल मागच्या ब्रेकवर टेकवून ठेवायचं, आणि त्याने हात वर केला की ब्रेक दाबायचा. हात वर, ब्रेक. पुन्हा हात वर, पुन्हा ब्रेक. मी तेव्हा पस्तिशीत होतो, पंधरा वर्षं गाडी चालवत होतो, आणि ब्रेक दाबायला शिकण्यात आपला अख्खा दिवस चाललाय असं वाटून मनातून चिडलो होतो. दुपारी पुढचं चाक पहिल्यांदा वीतभर उठलं तेव्हा डोकं एकदम रिकामं झालं. काय करायचं, काही म्हणजे काही आठवेना. पाय मात्र आपोआप दाबला गेला आणि चाक खाली आलं. सकाळचे ते दोन तास कशासाठी होते ते तेव्हा कळलं.

व्हीलीबद्दल, म्हणजे पुढचं चाक हवेत उचलून मोटरसायकल एका चाकावर चालवण्याबद्दल, एरवी दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, हा निव्वळ उन्माद आहे, दिसला की गाडी जप्त करा. दुसरा म्हणतो, पोरांना जगू द्या, तुम्हाला त्यातलं काय कळतंय. पहिल्याचं म्हणणं मला रस्त्यापुरतं पूर्ण पटतं. दुसऱ्यामागची ओढ मी स्वतः अनुभवलेली आहे. पण व्हीली ही शिकवायची गोष्टच नाही, हे दोघंही धरून चालतात. एकाच्या मते ती शिकवूच नये, दुसऱ्याच्या मते ती आपली आपणच येते. माझं म्हणणं असं की ती शिकवायला हवी. उघडपणे, जबाबदार माणसाने, बंदिस्त जागेत. आणि खाली आणणं आधी, उचलणं शेवटी, या क्रमाने शिकवायला हवी.

हा क्रम एवढा महत्त्वाचा का, ते कळायला चाक नेमकं कशाने उठतं आणि कशाने खाली येतं ते बघावं लागेल. गाडी आणि तिच्यावर बसलेला माणूस यांच्या एकत्र वजनाचा एक मध्य असतो. गाडी दोन्ही चाकांवर असताना हा गुरुत्वमध्य, मागचं चाक जिथे जमिनीला टेकतं तिथून जितका पुढे असतो, ढोबळमानाने तितकाच जमिनीपासून वर असतो. मागचं चाक गाडीला पुढे ढकलतं ते अगदी खालून, जमिनीलगत. वजन मात्र वर असतं आणि ते मागे राहू बघतं. त्यामुळे पुढचं चाक हलकं होत जातं. वेग पुरेशा झटक्याने वाढला की ते जमीन सोडतं. इंजिनात तेवढा जोर नसेल तर क्लच दाबून, रेस वाढवून, क्लच झटकन सोडतात. फिरत्या इंजिनात साठलेला जोर एकदम चाकाला मिळतो आणि लहान गाडीचंही चाक उठतं.

चाक जसजसं वर जातं तसतसा गुरुत्वमध्य मागे सरकत मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेवर यायला लागतो. तो बरोबर त्या जागेच्या वर आला की तोल साधतो. गाडी आणि बसण्याची पद्धत यांनुसार हा कोन बदलतो, पण बहुतेक गाड्यांचा तो 45 ते 60 अंशांच्या दरम्यान कुठेतरी असतो. तिथे गाडी जवळजवळ स्वतःहून उभी राहते, रेसची गरज नावापुरती उरते. त्या कोनाच्या अलीकडे असाल तर वजन पुढे खेचतं, म्हणून चाक हवेत ठेवायला वेग सतत वाढवत राहावा लागतो. पलीकडे गेलात तर वजन मागे खेचतं आणि गाडी चालकाच्या अंगावर उलटते.

यातून एक गोष्ट निघते जी बघणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. नवशिक्याला उंचीची भीती वाटते. तो चाक थोडंसंच उचलतो, कारण थोडंसं म्हणजे सुरक्षित असं त्याला वाटतं. पण थोडं उचललेलं चाक टिकवायचं तर वेग वाढवत राहणं भाग असतं. गाडी वीस, चाळीस, साठ अशी पळत सुटते, इंजिन किंचाळायला लागतं, पुढे जोर संपतो आणि चाक धाडकन आपटतं. मुरलेला माणूस याच्या उलट करतो. तो चाक पार तोलाच्या कोनापर्यंत नेतो आणि माणूस झपाझप चालेल इतक्या वेगात शांतपणे जात राहतो. म्हणजे जो घाबरून जपून करतो तो जास्त वेगात असतो, आणि त्या वेगाला लांब, सरळ, मोकळी वाट लागते. अशी वाट कुणाच्याही घराजवळ सहज मिळते ती एकच: सार्वजनिक रस्ता.

आता खाली येण्याकडे वळू. गाडी तोलाच्या पलीकडे चालली की शरीर मागे घसरतं, हात ताणले जातात, आणि घाबरलेला माणूस हँडल घट्ट धरून स्वतःला पुढे ओढायला बघतो. तसं ओढताना उजवं मनगट वळतं आणि मूठ आणखी पिळली जाते. म्हणजे जीव वाचवायला केलेली हालचालच गाडीला मागे पाडते. दुसरा एखादा घाबरून क्लच दाबतो. तोलाच्या अलीकडे त्याने चाक खाली येईल, पण पलीकडे गेलेल्या गाडीवर इंजिनाचा उरलासुरला लगामही त्याने सुटतो. मागचा ब्रेक मात्र खात्रीने काम करतो. पायाखालची सतरंजी कुणी मागे ओढली की माणूस तोंडावर पडतो, तसं मागचं चाक अडलं की वरचं सगळं वजन पुढे येतं आणि पुढचं चाक खाली बसतं. अडचण एवढीच की त्या क्षणी पाय ब्रेकवर असायला हवा आणि विचार न करता दाबला जायला हवा. हे पुस्तक वाचून, व्हिडिओ पाहून किंवा मित्राने सांगून येत नाही. शेकडो वेळा करूनच येतं.

जो मुलगा रात्री रिकाम्या रस्त्यावर एकटा शिकतो, त्याचा क्रम काय असतो? तो आधी उचलायला शिकतो, कारण बघणाऱ्याला तेच दिसतं आणि फोटोत तेच येतं. खाली आणणं तो पडून शिकतो. काहींचं तेवढ्यावर भागतं, मनगट किंवा माकडहाड मोडतं. काहींचं भागत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या शिकण्याची किंमत कधी कधी असा माणूस मोजतो ज्याला शिकायचं नव्हतं, जो फक्त रस्ता ओलांडत होता.

म्हणूनच रस्त्याच्या बाबतीत मला कुठलीही सवलत मान्य नाही, रस्ता कितीही रिकामा असला तरी. पुढचं चाक हवेत असताना गाडी वळवता येत नाही. पुढचा ब्रेक असून नसल्यासारखा, आणि गाडी थांबवण्याचं बहुतांश काम एरवी तोच करतो. टाकी आणि हँडल डोळ्यांसमोर येतात, पुढचा रस्ता दिसेनासा होतो. रात्र असेल तर दिव्याचा झोत आभाळात जातो. ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापते. समोर मूल आलं हे दिसायला एक सेकंद आणि चाक खाली टेकायला अर्धा सेकंद धरला, तर खरा ब्रेक लागायच्या आधीच 25 मीटर गेलेले असतात. शिवाय चाक वाकडं टेकलं तर हँडल दोन्ही बाजूंना झटके खायला लागतं, आणि ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. चालकाला स्वतःचा जीव धोक्यात घालायचा हक्क असेलही, त्यावर वाद घालता येईल. फुटपाथवरच्या म्हातारीच्या वतीने धोका पत्करायचा हक्क त्याला कुणी दिलेला नाही. दंड करा, परवाना काढून घ्या, गाडी जप्त करा. मी विरोध करणार नाही.

पण नुसत्या बंदीने काय होतं, याचाही अनुभव जगाच्या गाठीशी आहे. नॉर्वेने 1978 मध्ये स्केटबोर्डवर बंदी घातली. कारण चांगलंच होतं: मुलं जखमी होत होती. बंदी 1989 पर्यंत टिकली. त्या अकरा वर्षांत मुलांनी स्केटबोर्ड सोडले नाहीत. ती जंगलात गेली, झाडांच्या आडोशाला लाकडी उतार उभारले आणि लपून खेळत राहिली. पडलं, हाड मोडलं तरी आसपास कुणी मोठं माणूस नाही. पुढे हाच खेळ टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये आला. मला इथे व्हीलीला ऑलिंपिकमध्ये न्या असं म्हणायचं नाही. ओढ खरी असली तर बंदी तिला संपवत नाही, फक्त तिची जागा बदलते, आणि नवी जागा बहुधा आधीच्यापेक्षा वाईट असते, एवढंच म्हणायचं आहे.

ब्राझीलचं उदाहरण तर नेमकं याच गोष्टीचं आहे. तिथल्या 1997 च्या वाहतूक संहितेत मोटरसायकल एका चाकावर चालवणं स्पष्ट शब्दांत मना केलेलं आहे. अतिगंभीर गुन्ह्यांच्या वर्गात ते मोडतं आणि परवाना निलंबित होतो. कायदा कमजोर होता असं कुणी म्हणू शकणार नाही. तरीही त्याच देशात शहरांच्या कडेच्या वस्त्यांमधून ‘ग्राउ’ नावाची एक अख्खी तरुण संस्कृती उभी राहिली. ग्राउ म्हणजे अंश, चाक किती अंशांपर्यंत उचललं त्यावरून पडलेलं नाव. त्या मुलांना कायदा माहीत नाही असं नाही. कायद्यात त्यांच्यासाठी ‘नको’ आहे, पण ‘इथे ये’ असं म्हणणारं कुणी नाही.

इथपर्यंत माझी बाजू सोपी वाटते. पण तिच्याविरुद्ध एक पुरावा आहे आणि तो मला बरेच दिवस अस्वस्थ करत होता. तोही नॉर्वेचाच, आणि जवळपास त्याच काळातला. मोटारचालकांच्या प्रशिक्षणात तिथे निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचा सक्तीचा धडा आला. कल्पना अगदी शहाणी होती: बर्फात गाडी घसरणारच, तर मुलांना घसरलेली गाडी सावरायला शिकवा. नंतर अपघात तपासले तेव्हा तरुण पुरुषांमध्ये ते कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. मुलं सावरायला शिकली होती, निदान आपल्याला येतं असं समजायला लागली होती, आणि त्या भरवशावर बर्फात जोरात जायला लागली होती. स्वीडनमध्ये 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शिकाऊ चालकांचे दोन गट केले होते. एकाला कौशल्य शिकवलं. दुसऱ्याला तेच करायला लावलं, पण आपलं कौशल्य किती बेभरवशाचं आहे हे दाखवण्यासाठी. नंतर प्रत्यक्ष चालवण्यात दोन गटांत फरक आढळला नाही. पहिल्या गटाला मात्र आपण चांगले चालक आहोत असं जास्त वाटत होतं.

व्हीली शिकवण्यावरचा सगळ्यात मजबूत आक्षेप हाच आहे. शिकवाल तर धाडस वाढेल, धावपट्टीवर शिकलेलं सोमवारी रस्त्यावर येईल. जे लोक शिकवण्याच्या बाजूने बोलतात ते हा आक्षेप ‘आमची मुलं तशी नाहीत’ म्हणून झटकून टाकतात, आणि मला ते अप्रामाणिक वाटतं. तरुण मुलं सगळीकडे सारखीच असतात. विशीत मीही तसाच होतो.

मग मी तरीही शिकवावं असं का म्हणतो? कारण नॉर्वेचा तो धडा आणि स्वीडनचा तो प्रयोग ‘शिकवू नका’ असं सांगत नाहीत. काय शिकवता त्यावर परिणाम ठरतो, असं ते सांगतात. शिकणारा वर्गातून बाहेर पडताना ‘मला आलं’ असं म्हणत असेल तर तो वर्ग घातक आहे. ‘हे किती पटकन हातातून जातं’ हे अंगात मुरवून तो बाहेर पडत असेल तर तोच वर्ग उपकारक आहे. माझ्या त्या दिवशी आमच्यातला एक जण, सगळ्यांत धीट, चौथ्या-पाचव्या खेपेलाच चाक चांगलं उंच न्यायला लागला. शिकवणाऱ्याने त्याला शाबासकी दिली नाही. त्याला थांबवलं आणि पुन्हा वीतभर उचलून दहा वेळा खाली आणायला लावलं, आणि प्रत्येक वेळी चाक आवाज न होता टेकलं पाहिजे अशी अट घातली. दहांपैकी दोनदा त्याला जमलं. संध्याकाळी तोच मला म्हणाला, “मी चार वर्षं रस्त्यावर करतोय. आज कळलं की मला ब्रेक माहीतच नव्हता.” असा वर्ग मला हवा आहे. चाक किती उंच गेलं याची नोंद तिथे होऊ नये. किती हळुवार टेकलं याची व्हावी.

या खेळातली जी खरी मोठी नावं आहेत त्यांच्याकडे पाहिलं तरी हेच दिसतं. डग डोमोकोस याने 1984 मध्ये अमेरिकेतल्या टॅलाडेगाच्या शर्यतपट्टीवर एका चाकावर 145 मैल, म्हणजे सुमारे 233 किलोमीटर अंतर कापलं. यासुयुकी कुडो याने 1991 मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या चाचणी मैदानावर 331 किलोमीटर कापले, तेही अवघ्या 216 सीसीच्या ट्रायल गाडीवर, म्हणजे दगड-ओंडक्यांवर चढवायच्या खेळातल्या गाडीवर. पॅट्रिक फर्स्टेनहॉफ 1999 मध्ये ताशी 307 किलोमीटरच्या वर गेला ते इंग्लंडमधल्या ब्रंटिंगथॉर्पच्या चाचणी मैदानावर. तिघांपैकी एकही सार्वजनिक रस्त्यावर नव्हता. त्यातला कुडोचा विक्रम मला सगळ्यात जवळचा वाटतो. छोटं इंजिन, आणि इतके तास पुढचं चाक खाली टेकू द्यायचं नाही. त्यासाठी धाडसापेक्षा कितीतरी पटीने जास्त चिकाटी लागली असणार.

‘पण याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मला घरातल्यांपासून सगळ्यांनी विचारला आहे. शर्यतीत म्हणाल तर व्हीली नको असलेली गोष्ट आहे. चाक उठलं की जोर कमी करावा लागतो आणि वेळ जातो. शर्यतीच्या गाड्यांना आता पंख दिसतात, त्यामागचं एक मोठं कारण पुढचं चाक खाली दाबून ठेवणं हेच आहे. ट्रायलमध्ये मात्र पुढचं चाक हवं तेव्हा, हवं तेवढं उचलता येणं हे मुळाक्षर आहे. दगड, ओंडके, उभे कडे यांवर गाडी चढवायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही, असा तो खेळ. त्याची जागतिक स्पर्धा 1975 पासून चालू आहे, आणि स्पेनच्या टोनी बोऊने मैदानी आणि बंदिस्त अशा दोन्ही प्रकारांत मिळून तीसहून जास्त विश्वविजेतेपदं मिळवली आहेत. त्याची गाडी चालते ती माणसाच्या चालण्याच्या वेगाने. ताबा म्हणजे काय, हे ज्याला बघायचं असेल त्याने महामार्गावरची पोरं सोडून ट्रायलवाल्यांकडे बघावं.

तरी उपयोगाच्या उत्तरावर मी थांबत नाही, कारण ते उत्तर पूर्ण खरं नाही. मी ट्रायलसाठी शिकलो नाही. मला तो तोल हवा होता. तिसऱ्या का चौथ्या दिवशी एकदाच, फार तर दोन-तीन सेकंद, गाडी त्या कोनात आली जिथे रेस जवळजवळ लागत नाही. हँडलवरचं ओझं नाहीसं झालं, इंजिनाचा आवाज उतरला, आणि सगळं जड लोखंड पायाच्या एका बोटाच्या दाबावर तरंगत होतं. मग मी ब्रेक दाबला. मल्लखांबावर, सायकलवर, झाडाच्या फांदीवर माणूस तोल शोधतच असतो. मुलाला हे हवंसं वाटलं म्हणून तो बिघडलेला ठरत नाही, आणि त्याला तसं म्हणणाऱ्या मोठ्यांचं तो पुढे काहीच ऐकत नाही. ‘तुला हवंय ते चांगलं आहे, पण जिथे करतोयस ती जागा चुकीची आहे’ असं म्हणणाऱ्याचं ऐकण्याची निदान शक्यता असते.

गाड्या बनवणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. जाहिरातीत पुढचं चाक हवेत, पाठीमागे सूर्यास्त, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘प्रशिक्षित चालक, बंद रस्ता, अनुकरण करू नये’. ज्या गोष्टीचं आकर्षण दाखवून गाडी विकली, तिच्या शिक्षणाची जबाबदारी त्या एका ओळीवर टाकून मोकळं होता येणार नाही. बरं, तंत्र त्यांच्याकडे आहे. 2015 च्या यामाहा आर-1 मध्ये गाडीचा कल सहा दिशांनी मोजणारं यंत्र आलं. चाक उठायला लागलं की ते ओळखून इंजिनाचा जोर कमी करायची सोय त्यात होती. आता अशी सोय बऱ्याच मोठ्या गाड्यांत मिळते. त्याच तत्त्वावर शिकवण्याच्या गाडीला ठरावीक कोनानंतर इंजिन बंद पाडणारं यंत्र बसवता येतं; काही शाळा ते वापरतातच. स्टंट करणारे गाडीच्या मागे लोखंडी चौकट लावतात, ती आधी जमिनीला टेकते आणि गाडी उलटत नाही. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांतला सगळ्यात मोठा धोका कमी करणं आजही शक्य आहे. जी कंपनी हवेतलं चाक जाहिरातीत वापरते, तिने अशा शाळांना गाड्या आणि पैसा द्यावा, नाहीतर ते चित्र वापरू नये.

खरी अडचण जागेची आहे, आणि जागेपेक्षाही ती देणाऱ्याच्या भीतीची. पडीक धावपट्ट्या आहेत, शर्यतीच्या पट्ट्या आठवड्याचे किती तरी दिवस ओस असतात. पण मालक म्हणतो, कुणी मेलं तर मी अडकेन. त्याची भीती खोटी नाही. विमा मिळत नाही किंवा परवडत नाही, आणि मग चांगल्या मनाचा माणूससुद्धा फाटक बंद ठेवतो. इथे सरकारचं काम सुरू होतं. शाळेला परवाना कोणत्या अटींवर मिळेल ते ठरवा: शिकवणाऱ्याची परीक्षा, उलटण्यापासून वाचवणारं यंत्र, पूर्ण अंगरक्षक पोशाख, जागेवर रुग्णवाहिका, वयाची मर्यादा. या अटी पाळणाऱ्याला विम्याची आणि कायद्याची सावली द्या, म्हणजे न पाळणारा आपोआप उघडा पडेल. गिर्यारोहण, पॅराशूटमधून उडी, समुद्रातलं डायव्हिंग, या सगळ्यांत आपण हेच केलं आहे. तिथेही माणसं मरतात. तरी आपण शिक्षक, नियम आणि जागा दिली, कारण ते खेळ प्रतिष्ठित माणसं खेळतात. व्हीलीची ओढ असलेली मुलं बहुतेक वेळा तितक्या प्रतिष्ठित घरातली नसतात, आणि तिच्याकडे केवळ गुन्हा म्हणून बघितलं जाण्यामागे हेही एक कारण आहे असं मला मनापासून वाटतं.

एका गोष्टीवर माझं अशा शाळा चालवणाऱ्यांशीही पटत नाही. रस्त्यावर पकडलेल्या मुलांना शिक्षा म्हणून शाळेत पाठवा, असं काही जण सुचवतात. मला ते साफ चूक वाटतं. मग शाळेत जायचा सोपा मार्ग म्हणजे रस्त्यावर पकडलं जाणं, असं होईल. उलट, रस्त्यावर चाक उचलताना सापडलेल्याला वर्षभर शाळेचं फाटक बंद असावं, आणि शाळेत शिकणाऱ्याने तसं केलं तर त्याचं नाव कायमचं कापावं. धावपट्टी हा हक्क म्हणून मिळावा, पण तो रस्ता सोडण्याच्या बदल्यात.

आमच्या इमारतीतल्या एका मुलाने परवा मला जिन्यात गाठलं. एकोणीस वर्षांचा, स्वतःच्या कमाईची गाडी. माझा धावपट्टीवरचा एक फोटो त्याने कुठेतरी पाहिला होता. “काका, कुठे शिकलात?” मी सांगितलं. ती जागा इथून चार तासांवर, महिन्यातून एकच दिवस उघडते, आणि त्या एका दिवसाची फी त्याच्या अर्ध्या पगाराएवढी आहे. त्याने मान हलवली, काही बोलला नाही. मी विचारलं, “तू करतोस का?” तो म्हणाला, “थोडंसंच उचलतो काका. जास्त नाही.”

थोडंसंच म्हणजे काय ते मला माहीत आहे. पुढच्या महिन्याच्या त्या दिवशी मी त्याला घेऊन जातोय, फी माझी. तोवर एकदाही रस्त्यावर उचलणार नाही, असा शब्द मी त्याच्याकडून घेतला आहे. आणि रोज कामावर जाताना-येताना, चाक जमिनीवर ठेवून, प्रत्येक सिग्नलला फक्त मागचा ब्रेक पायाखाली आहे का ते बघायला सांगितलं आहे. काल रात्री खाली गाडी लावताना तो दिसला. इंजिन बंद होतं. तो गाडीवर बसून उजव्या पायाने पेडल हळूहळू दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता.